वेगवान यंत्रे आणि वार्षिक दाखला

दुसरे महायुद्ध संपून पंधरा वर्षे लोटली तरी ब्रिटनच्या रस्त्यांवर महायुद्धापूर्वी बांधलेल्या मोटारी आणि मोटरसायकली मुबलक धावत होत्या, आणि त्यांचे ब्रेक वेळेवर लागतात की नाही, दिव्याचा झोत रस्त्यावर पडतो की समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर, हँडल फिरविले तर चाक लगोलग वळते की काही अंतर राखून वळते, याची वर्षानुवर्षे नियमाने चौकशी करणारी कोणतीही यंत्रणा अस्तित्वात नव्हती. १९५६ च्या रस्तेवाहतूक कायद्याने अशी चौकशी करण्याचा अधिकार सरकारच्या हाती दिला. परंतु त्याचा प्रत्यक्ष अंमल सुरू व्हायला १९६० साल उजाडावे लागले. वाहतूकमंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांच्या कारकिर्दीत, त्या वर्षीच्या सप्टेंबरात, दहा वर्षांहून अधिक वयाच्या वाहनांची तपासणी प्रथम ऐच्छिक म्हणून सुरू झाली आणि १९६१ च्या फेब्रुवारीपासून ती सक्तीची करण्यात आली. तपासणीच्या बाबी तीनच होत्या: ब्रेक, दिवे आणि सुकाणू. एवढ्या जुजबी कसोटीतही नापास होणाऱ्या वाहनांची संख्या अशी निघाली की वर्ष संपण्यापूर्वीच दहा वर्षांची मर्यादा सातांवर आणावी लागली आणि १९६७ मध्ये ती तीनांवर आली. पुढे मंत्रालयाची नावे अनेकदा बदलली, खाती एकमेकांत विलीन झाली. तथापि ‘मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्ट’ या मूळ नावाची तीन अक्षरे, एमओटी, या तपासणीला जी चिकटली ती आजतागायत सुटलेली नाहीत.

ही व्यवस्था उभारताना ब्रिटिश सरकारने जो मार्ग पत्करला तो आपल्या वाचकास काहीसा धाडसाचा वाटेल. सरकारी तपासनीसांची फौज न उभारता, निरनिराळ्या गावांतील खासगी गॅरेजांनाच तपासणीचा परवाना देण्यात आला, आणि निळ्या पाटीवर तीन पांढरे त्रिकोण अशी खूण ज्या दारावर असेल तेथे जाऊन, ठरलेली फी भरून, कोणीही आपले वाहन रुजू करावे अशी तजवीज झाली. जो मिस्त्री दोष शोधणार, तोच दोष दुरुस्त करून पैसे घेणार, या योजनेत लबाडीला वाव आहे हे उघडच होते, आणि तशा तक्रारी वेळोवेळी झाल्याही. उत्तर आयर्लंडने हा धोका टाळून तपासणी सरकारी केंद्रांतच ठेवली. असे असूनही, साठ वर्षांच्या अनुभवाकडे पाहता, मला ब्रिटनच्या मुख्य भूमीवरची ही खासगी पद्धतच अधिक फलदायी झालेली दिसते. कारण तिच्यामुळे तपासणीचे ज्ञान एखाद्या कचेरीत कोंडून न राहता गल्लोगल्लीच्या कारागिरांपर्यंत पोहोचले, आणि कोणत्या यंत्राचे कोणते मर्म कोणत्या वयात ढासळते याची एक तोंडी परंपरा त्या गॅरेजांतून तयार झाली. शर्यतीच्या वळणाच्या, वेगासाठीच जन्मलेल्या मोटरसायकलींच्या बाबतीत ही परंपरा विशेष मोलाची ठरली.

वेगवान मोटरसायकलींची हौस ऐन भरात आली तो काळ आणि या तपासणीचा जन्मकाळ जवळजवळ एकच आहे. एम-१ हा महामार्ग १९५९ च्या नोव्हेंबरात खुला झाला तेव्हा त्यावर वेगाची मर्यादा नव्हती. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरील एस कॅफेसमोर सायंकाळी तरुणांच्या मोटरसायकलींच्या रांगा लागत. आणि नॉर्टनच्या ‘फेदरबेड’ सांगाड्यात ट्रायम्फचे जोडसिलिंडरचे इंजिन बसवून ‘ट्रायटन’ नावाचे संकरित यंत्र घरोघरच्या शेडांत आकाराला येत होते. हँडल खाली उतरवून थेट फोर्कच्या नळ्यांना आवळायचे, पाय ठेवण्याचे दांडे मागे न्यायचे, सायलेन्सर जेवढा रिकामा करता येईल तेवढा करायचा, ही त्या पिढीची रीत होती. परंतु ही यंत्रे बहुतांशी नवी असल्यामुळे दहा वर्षांच्या, आणि नंतर सात वर्षांच्या, अटीतून निसटत होती. पहिल्या वर्षी तपासनीसासमोर खरोखर वेगवान असे जे जुने यंत्र आले असेल, ते स्टीव्हनेज येथील व्हिन्सेंट कारखान्याचे. १९४६ ची ‘रॅपिड’ आणि १९४८ ची ‘ब्लॅक शॅडो’ ही हजार घनसेंटीमीटरची यंत्रे १९६१ मध्ये दहा वर्षे ओलांडून गेली होती. ब्लॅक शॅडोचा वेग ताशी सव्वाशे मैल सांगितला जात असे. आणि तिला आवरण्यासाठी प्रत्येक चाकाला दोन-दोन असे चार ड्रम ब्रेक होते. चारही ड्रम समतोल लागतील असे जुळवून ठेवणे हे निष्णात हाताचे काम होते. १९५५ मध्ये व्हिन्सेंटचे मोटरसायकलींचे उत्पादन थांबले होते, म्हणजे कारखाना मागे राहिला नसताना यंत्र मात्र दरवर्षी कायद्यापुढे उभे राहत होते. जुन्या वेगवान मोटरसायकलीची ही अवस्था पुढेही पुनःपुन्हा आली.

१९६५ च्या डिसेंबरात ताशी सत्तर मैलांची मर्यादा आली, १९६९ मध्ये एस कॅफे बंद पडला, आणि ब्रिटिश मोटरसायकलींचे कारखाने एकामागून एक मावळत गेले. तपासणीच्या बाबी मात्र वाढत होत्या. १९६८ मध्ये टायर आले, १९७७ मध्ये भोंगा, इंडिकेटर, एक्झॉस्ट आदी गोष्टी आल्या. त्यानंतरच्या दोन दशकांत जपानहून, आणि इटलीहूनही, जी यंत्रे आली, त्यांनी ‘वेगवान’ या शब्दाची व्याप्तीच पालटली. १९८४ ची कावासाकी जीपीझेड ९००, १९८५ ची सुझुकी जीएसएक्सआर ७५०, १९९२ ची होंडा फायरब्लेड, १९९४ ची इटलीची डुकाटी ९१६, १९९८ ची यामाहा आर-१: ही शर्यतीच्या मैदानावरची यंत्रे थोडाफार साज चढवून सामान्य माणसाच्या हाती दिलेली होती. फायरब्लेडचे जनक तादाओ बाबा यांनी ८९३ घनसेंटीमीटरचे इंजिन १८५ किलोच्या कोरड्या वजनात बसविले तेव्हा प्रतिस्पर्ध्यांची थोर यंत्रे एकाएकी बोजड वाटू लागली. याच सुमारास जपानमधून चारशे घनसेंटीमीटरच्या छोट्या शर्यती मोटरसायकली वापरलेल्या स्थितीत ब्रिटनमध्ये येऊ लागल्या. जपानमध्ये अडीचशेहून मोठ्या मोटरसायकलींना ‘शाकेन’ ही खर्चिक सरकारी तपासणी ठराविक मुदतीने करावी लागते, आणि मुदत भरत आली की पुष्कळ मालक यंत्र काढून टाकणे पसंत करतात. एका देशाच्या तपासणीला कंटाळून विकलेले यंत्र दुसऱ्या देशाच्या तपासणीस सादर झाले. आणि दोन्ही देशांत वाहने डावीकडूनच चालत असल्यामुळे त्यांच्या दिव्याचा झोत योग्य बाजूलाच खाली पडत होता, ही सोय आयात करणाऱ्यांना अनायासे लाभली.

या यंत्रांचा पहिला मालक बहुधा हौशी आणि सधन असे. दहा-बारा वर्षांनी किंमत उतरली की ते यंत्र ज्याच्याकडे जाई त्याला वेग हवा असे, पण त्या वेगाची देखभाल परवडेलच असे नव्हते. अशा दुसऱ्या-तिसऱ्या हातातल्या मोटरसायकलीला वर्षातून एकदा जो जाणता मनुष्य बारकाईने पाहत असे, तो पुष्कळदा एमओटीचा तपासनीसच.

त्याचे काम जवळून पाहण्यासारखे असते. प्रथम तो पुढचे चाक जमिनीपासून उचलून घेतो आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश, दोन बोटांच्या बळाने, फिरवितो. ज्या यंत्राने वर्षानुवर्षे जोरदार ब्रेकांचे धक्के सोसले आहेत, त्याच्या कोनसेटमधील (हँडलच्या बेअरिंगमधील) गोळ्यांनी बरोबर मध्यभागी, म्हणजे चाक सरळ असताना जेथे त्या थांबतात तेथे, बारीक खड्डे पाडलेले असतात, आणि हँडल त्या जागी येताच आपोआप अडते. रस्त्यावर स्वाराला हे सहसा जाणवत नाही. फार तर यंत्र वळणावर किंचित हट्टी झाल्यासारखे वाटते. मग तपासनीस फोर्कची खालची टोके दोन्ही हातांनी धरून मागे-पुढे ओढतो आणि सांध्यात ढिलेपणा आहे का ते पाहतो. यानंतर चाक खाली टेकवून फोर्क दाबला जातो, आणि त्या चकचकीत नळ्यांवर तेलाची कडी उमटते का याकडे लक्ष दिले जाते. क्रोमला गंज लागून सुईच्या टोकाएवढी खरवड झाली की दर दाबासरशी ती रबरी ऑईल सील कुरतडते. गळालेले तेल उतरते ते थेट ब्रेकच्या डिस्कवर. उलट्या फोर्कच्या शर्यती मोटरसायकलीत सील चाकाच्या अगदी जवळ असल्यामुळे हा दोष अधिक घातक, आणि त्याच्या खुणाही अधिक स्पष्ट.

पुढील पाळी ब्रेकांची. चाके रोलरवर चढवून प्रत्येक ब्रेक किती जोर लावतो हे मोजतात. एका ब्रेकाने ३० टक्के आणि दुसऱ्याने २५ टक्के कार्यक्षमता दाखविली पाहिजे असा नियम आहे. शर्यती मोटरसायकलीचा पुढचा ब्रेक जुना झाला तरी सहसा बलवान असतो, आणि चाक रोलरवर जागच्या जागी थांबते. तिचा खरा कमकुवतपणा मागच्या ब्रेकात असतो. वेगाने चालविणारा स्वार तो जवळजवळ वापरीतच नाही. लहानसा कॅलिपर मागच्या चाकापाशी चेनचे तेल, धूळ आणि हिवाळ्यात रस्त्यावर पसरलेले मीठ खात बसतो. आणि पिस्टन जेथल्या तेथे धरतो. १९९० च्या दशकातील कावासाकी व सुझुकीच्या अनेक मोटरसायकलींवर पुढे सहा पिस्टनांचे टोकिको कॅलिपर होते, त्यांची ख्यातीही अशीच: उन्हाळ्यात उत्तम, आणि एक खारट हिवाळा उघड्यावर काढला की सहांपैकी एक-दोन पिस्टन हालेनासे. मग ब्रेक सोडला तरी डिस्क घासत राहते. चेनचा ताण, स्प्रॉकेटचे दाते, मागच्या काट्याच्या बेअरिंगमधील हालचाल, टायरच्या रुंदीच्या तीन चतुर्थांश भागावर किमान एक मिलिमीटर नक्षी, टायरवरील बाणाची दिशा चाकाच्या दिशेशी जुळते की नाही, या सर्व गोष्टी तो एकेक करून पाहतो. टायरच्या वयावर मोटरसायकलींना बंदी नाही. म्हणून नक्षी पुरेशी असूनही रबर लाकडासारखे कडक झालेले टायर घेऊन जुने यंत्र उत्तीर्ण होऊ शकते, आणि ही मला या तपासणीतील एक मोठी उणीव वाटते.

इथपर्यंतचे दोष काळाने केलेले. यांखेरीज दोषांचा दुसरा वर्ग मालकाच्या हातचा असतो, आणि शर्यती मोटरसायकलींत तो इतरांहून अधिक आढळतो. मूळ सायलेन्सर काढून हलका, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसविणे ही हौस एस कॅफेच्या काळापासून चालत आलेली. १९८५ पासून पुढे प्रथम वापरात आलेल्या यंत्राच्या सायलेन्सरवर ‘रस्त्यासाठी नाही’ किंवा ‘केवळ शर्यतीसाठी’ अशा अर्थाचा शिक्का असेल तर तपासनीसाने दाखला नाकारलाच पाहिजे. शिक्का नसेल तर आवाजाचा निर्णय त्याच्या कानावर सोपविलेला आहे, कारण आवाज मोजण्याचे यंत्र या तपासणीत वापरीत नाहीत. नंबरप्लेट लहान करून सीटखाली दडविणे, तिच्यावरील अक्षरे ठरलेल्या ६४ मिलिमीटरांहून बुटकी करणे, कारखान्याचे ठसठशीत इंडिकेटर काढून नखाएवढे एलईडी लावणे, हीही नित्याची कारणे. एलईडीला वीज थोडी लागते, जुना फ्लॅशर त्यामुळे फसतो, आणि मिनिटाला ६० ते १२० या मर्यादेच्या पलीकडे दिवा फडफडू लागतो. कायद्याने मात्र जुन्या यंत्राच्या बाबतीत मोठा विवेक राखला आहे. १ ऑगस्ट १९८६ पूर्वी वापरात आलेल्या मोटरसायकलीला इंडिकेटरांची सक्ती नाही; १ एप्रिल १९८६ पूर्वीच्या यंत्राचा ब्रेकलाईट दोहोंपैकी एका ब्रेकाने लागला तरी चालतो. ज्या काळात यंत्र जन्मले त्या काळच्या अपेक्षांनीच त्याला तोलावे, ही भूमिका मला न्याय्य वाटते, आणि जुन्या यंत्रांचे रसिक या तपासणीशी वैर न धरता नांदले याचे एक कारण तीच आहे.

एवढे दोष वाचून जुन्या वेगवान मोटरसायकली मोठ्या संख्येने नापास होत असाव्यात असा ग्रह होईल. प्रत्यक्ष आकडे निराळे बोलतात. ब्रिटनमध्ये पहिल्या तपासणीत मोटारी चारांत एकाहून अधिक नापास होतात. मोटरसायकलींचे प्रमाण सहांत एकाच्या आसपास राहते, आणि त्यांच्या नापासीतही सर्वांत मोठा वाटा दिव्यांचा असतो, म्हणजे जो दोष बल्ब बदलून किंवा तार जोडून तासाभरात निघतो. शर्यती मोटरसायकल बहुधा हौसेचे दुसरे वाहन असते. नोव्हेंबरात ती झाकून ठेवतात, १९९८ पासून उपलब्ध असलेल्या ‘रस्त्यावर नाही’ या नोंदीचा अर्ज करून तिचा कर थांबवितात, आणि मार्च-एप्रिलमध्ये तपासणीपुरती बाहेर काढताना मालक तिला स्वतःच आधी धुंडाळतो. तपासणीची तारीख जवळ आली की ब्रेक उघडावे, तेल बदलावे, चेन ताणावी, ही सवय ज्या समाजात दोन-तीन पिढ्या रुजली, तेथे कायद्याचे अर्धे कार्य दाखला लिहिण्यापूर्वीच घडून गेलेले असते. २००५ पासून ही दफ्तरे संगणकावर गेली आणि आता नंबरवरून कोणत्याही वाहनाचा तपासणीचा इतिहास कोणालाही वाचता येतो. वीस वर्षांच्या एखाद्या शर्यती मोटरसायकलीची ही नोंद म्हणजे तिची चरित्रगाथाच असते. पहिली काही वर्षे मैल भराभर वाढतात. मग एका वर्षी टायरच्या कडेचा इशारा, पुढल्या वर्षी फोर्कच्या तेलाचा. नंतर दोन-तीन वर्षांची पोकळी, म्हणजे यंत्र कोठेतरी शेडमध्ये पडून होते. आणि मग एकाएकी ब्रेक, टायर, कोनसेट सर्व नवे घालून निर्दोष उत्तीर्ण, म्हणजे कोणीतरी जाणकार मालक भेटला. विकत घेणारा ही नोंद पाहिल्यावाचून पैसे मोजीत नाही.

आपल्याकडील रीत याच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. खासगी मोटरसायकलीची नोंदणी पंधरा वर्षांची. ती संपली की आरटीओत पासिंग करून पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण. मधल्या काळात मुदतीने घ्यावी लागते ती पीयूसी. ब्रिटनच्या तपासणीत मोटरसायकलीचा धूर मोजीत नाहीत, पण ब्रेक दरवर्षी पाहतात. आपल्याकडे धूर नियमाने मोजला जातो, आणि ब्रेकांकडे पंधरा वर्षे कोणीही अधिकाराने पाहत नाही. १९८३ पासून एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने बनविलेली राजदूत ३५० ही आपल्या तरुणांच्या एका पिढीची वेगाची देवता. जपानी मूळ यंत्राचा पुढचा डिस्क ब्रेक काढून तिला दोन्ही चाकांना ड्रमच दिलेले, आणि आज तिची उरलेली सर्व यंत्रे पंधरा वर्षांच्या मुदतीच्या कितीतरी पलीकडे गेलेली. त्या ड्रमची वर्षातून एकदा कोणी दखल घेतली असती तर पुष्कळ तरुण हाडे शाबूत राहिली असती असे मला मनापासून वाटते. आता तर पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात ट्रायम्फच्या नावाची चारशे सीसीची मोटरसायकल बनते आणि ब्रिटनमध्ये विकलीही जाते. तेथे विकलेली तीन वर्षांची झाली की निळ्या पाटीच्या दारात उभी राहील, येथे विकलेली तिची बहीण पंधरा वर्षे अशा कोणत्याही दारात उभी राहणार नाही. युरोपानेही या प्रश्नावर दीर्घकाळ वाद घातला. २०१४ च्या युरोपीय निर्देशाने सव्वाशेहून मोठ्या मोटरसायकलींची तपासणी २०२२ पासून मागितली, आणि फ्रान्सने स्वारांच्या तीव्र विरोधानंतर २०२४ च्या एप्रिलात ती अखेर सुरू केली.

ज्या देशाने ही रीत फ्रान्सच्या कितीतरी आधी मोटरसायकलींना लावली, त्याच देशाने अलीकडे तिच्यात एक पळवाट मोकळी केली आहे. २०१२ मध्ये १९६० पूर्वी बांधलेल्या वाहनांना तपासणीतून सूट मिळाली. आणि २० मे २०१८ पासून, मूळ स्वरूपात मोठा फेरफार न झालेले कोणतेही वाहन चाळीस वर्षांचे झाले की त्याची सक्तीची तपासणी संपते. अशी यंत्रे थोडी असतात, क्वचित चालतात आणि प्रेमाने जपली जातात, ही त्यामागील सरकारची कैफियत. लोकांचे मत मागविले तेव्हा या सवलतीला विरोध करणारे अनुकूल असणाऱ्यांहून अधिक होते. तरी ती दिली गेली. व्हिन्सेंटसारख्या यंत्राच्या बाबतीत ही कैफियत मान्य करता येईल, कारण त्याचा आजचा मालक ते एखाद्या मौल्यवान वस्तूप्रमाणे सांभाळतो. पण चाळीस वर्षांची रेषा दरवर्षी पुढे सरकते. १९८५ च्या वसंतात नोंदलेली पहिली जीएसएक्सआर २०२५ मध्ये तिच्या पलीकडे गेली. तिचा वेग आजही ताशी दोनशे किलोमीटरांहून अधिक, तिच्या कॅलिपरांतील रबर आणि कोनसेटमधील गोळ्या मात्र पदार्थधर्माने चाळीस वर्षे म्हाताऱ्या. १९९२ ची फायरब्लेड २०३२ मध्ये सुटेल. मालकास स्वेच्छेने तपासणी करून घेण्याची मुभा आहे, साध्या मोटरसायकलीसाठी तिची कमाल फी २९ पौंड ६५ पेन्स आहे, आणि यंत्र रस्त्यावर चालविण्यास योग्य ठेवण्याची जबाबदारी कायद्याने त्याच्यावर कायमच आहे. तथापि ज्या यंत्रांचा वेग त्यांच्या वयाबरोबर कमी होत नाही, त्यांना निदान दोन वर्षांतून एकदा तरी रोलरवर चढविण्याची सक्ती कायम ठेवावयास हवी होती, आणि सरकारने ही सवलत पुन्हा विचारात घेतली तर त्या तरतुदीपासूनच आरंभ करावा.